मानेतला दोरा

नव्या शर्टावर लाल ठिपका दिसला तेव्हा मला आधी राग आला. पांढरं कापड, कॉलर कधी नव्हे ती मनासारखी बसलेली, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं, आणि दुसऱ्या बटणाच्या शेजारी हा ठिपका.

"हे काय लावून ठेवलंस?" मी बायकोला विचारलं. ती माझ्यासमोर बसून बटणं लावत होती.

तिनं शर्ट उजेडात धरला. "अगोबाई, हे कुठून आलं?"

तिच्या डाव्या तर्जनीत सुई रुतलेली होती. टोक आत, नेढं बाहेर, दोरा लोंबतोय. आणि त्याच हातानं शर्ट उलटासुलटा करत ती डाग कुठून आला ते शोधत होती.

"अगं, सुई!"

"पडली का?" असं म्हणून ती जमिनीवर बघायला लागली.

मी पुढे होऊन सुई उपसली. तेव्हा कुठे तिचं बोटाकडे लक्ष गेलं. हसली. "भांडी घासून घासून कातडी म्हशीची झालीय," म्हणाली, आणि बोट तोंडात घालून डाग धुवायला आत गेली. मीही हसलो. पण पुढची शिवण घालायचा धीर होईना, मी मशीनवरून उठलो.

मी मुळात भित्रा माणूस. पाल दिसली की मी खुर्चीवर चढतो, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही भीती पालीची नव्हती. आमच्या मागच्या खोलीत सहा पिल्लं होती, आणि त्यांचं जगणं-मरणं माझ्या बायकोच्या ह्याच बोटांवर ठरलेलं होतं.

आम्ही कुत्री पाळतो. म्हणजे ती पाळते आणि मी कुरकुर करतो. जात एकच. अंगानं दांडगी, गव्हाळ रंगाची, आणि पाठीच्या मधोमध खांद्यापासून कमरेपर्यंत केसांचा एक पट्टा, तो उलटा उगवतो. बाकीच्या अंगाचे केस शेपटीकडे वळलेले, ह्या पट्ट्यातले डोक्याकडे. पट्ट्याच्या वरच्या टोकाला दोन भोवरे. मी त्यांना पट्टेवाले म्हणतो. घरी कोण कोण असतं असं गिऱ्हाइकानं विचारलं, तर मी सांगतो, एक साहेबीण आणि तिचे पट्टेवाले. त्याला वाटतं बायको कुठल्यातरी मोठ्या कचेरीत आहे. मी त्याचा गैरसमज काढत नाही.

ह्या जातीला एक रोग आहे. काही पिल्लं मानेत दोरा घेऊनच जन्माला येतात. बाहेरून बघाल तर केसांत दडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक. तिथून आत उतरलेली कातडीचीच एक बारीक नळी. कधी ती मांसात संपते, कधी थेट मणक्याच्या आत जाते. बाहेरची कातडी जे करते तेच नळीतली कातडीही करते, म्हणजे केस उगवते, तेल सोडते, मळ टाकते. फक्त ते सगळं आत साचत राहतं. एक दिवस सडतं. मग नळी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं पू खाली उतरतो.

हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. आमचा पहिला कुत्रा हवालदार असाच गेला. तो दुसऱ्यांकडून आलेला होता, त्याची मान कुणी बघितली नव्हती. एका सकाळी त्यानं पाण्याच्या भांड्याशी डोकं खाली केलं आणि किंचाळला. एवढा दांडगा गडी, पण मान हलली की किंचाळायचा. त्या आवाजात कुत्र्याचं काही नव्हतं. शेवटी मान लाकडासारखी ताठ झाली आणि डोळे मागे फिरले. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तो लवकर जावा एवढंच मला वाटत होतं. अजूनही कुठे कुत्रं किंचाळलं की माझी शिवण वाकडी जाते.

त्यानंतर ही शिकली. पिल्लू काही दिवसांचं झालं की मांडीवर घ्यायचं, मानेची कातडी वर उचलायची आणि अंगठा न् तर्जनीमध्ये हळूहळू चोळत खांद्यापर्यंत जायचं. दोरा असेल तर बोटांत लागतो. ऐकायला सोपं वाटतं, पण भल्याभल्यांना जमत नाही. हिला जमलं. पुढे पुढे दुसऱ्या गावांहून लोक पिल्लं घेऊन यायला लागले. माझ्या दुकानात कपड्यांच्या गिऱ्हाइकांपेक्षा कुत्र्यांची गिऱ्हाइकं जास्त बसायची. ही डोळे मिटून तपासायची आणि एकच शब्द बोलायची. "साफ," किंवा "दोरा."

दोरा निघाला की ते पिल्लू टोपलीतून जायचं. आमच्याकडे वेताची एक झाकणाची टोपली आहे, मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. ही पिल्लू त्यात ठेवायची, वर टॉवेल घालायची आणि जनावरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जायची. ते सुई देऊन कायमचं झोपवायचे. कापून काढायला गेलं तर टेबलावरच जातं आणि वाचलं तर पुढच्या पिढीला तेच देतं, असं त्यांचं म्हणणं. ही परत यायची, टोपली धुवायची, अंगणात पालथी घालायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

आणखी एका कारणासाठी टोपली निघायची. कधी कधी एखादं पिल्लू पट्ट्याशिवाय जन्मतं. सरळ केस, गुळगुळीत पाठ. जातीच्या क्लबात त्याला जागा नाही. पट्टा नाही म्हणजे रक्तात खोट, असं सगळे मानायचे आणि ही पण मानायची. अशा पिल्लाची मान कुणी बघतच नसे. ज्याला टोपलीतून जायचंय त्याला तपासायचं कशाला?

ह्या खेपेला मामीला सहा पिल्लं झाली. मामी म्हणजे आमची कुत्री. माझ्या मामीसारखी सगळ्यांवर गुरगुरते, म्हणून मामी. पाचांना पट्टा आणि एक गुळगुळीत. मी त्याला कोरा म्हणायला लागलो, न वापरलेल्या कापडाला म्हणतात तसं. ही माझ्यावर खेकसली, "जाणाऱ्याला नाव कशाला ठेवता?" पण टोपली काही खिळ्यावरून उतरली नाही. विचारलं की म्हणायची, नंतर बघू. म्हातारे डॉक्टर आता दवाखान्यात येत नव्हते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसायची. मला वाटलं हिला नव्या बाईकडे जायचा संकोच वाटतोय.

तपासणी मात्र तिनं केली. मी दारातून बघितली होती. आणि त्या दिवशी मी तिची केवढी चेष्टा केली! कारण ह्या खेपेला ती पिल्लांचे मुके घेत सुटली होती. एकेकाला उचलायचं, मान तोंडाशी न्यायची आणि ओठ फिरवत बसायचं.

"म्हातारपणी पुळका आलाय," मी म्हणालो. "आमच्या वाट्याला असं कधी आलं नाही."

"तुमच्या मानेला तेलाचा वास येतो," ती म्हणाली आणि पुढचं पिल्लू उचललं. मग म्हणाली, "साफ. पाचही साफ."

आणि आता ही सुई.

शर्टावरचा डाग निघाला. माझ्या डोक्यातली सुई निघेना. मी तिच्याकडे बघायला लागलो, चोरून, पाळत ठेवल्यासारखा. ती चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरायची, बोटांत नाही. गुंडी लावताना आरशात बघायची. नाणं उचलायचं तर टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून तळहातावर पाडायची. हे सगळं कधीपासून चाललं होतं? मी दिवसभर तिच्यासमोर बसतो, लोकांच्या खांद्यातला बोटभर फरक मला लांबून दिसतो, आणि मला हे दिसलं नव्हतं. तिला काय झालंय ह्याची भीती होतीच. पण खरं सांगतो, त्याहून मोठी भीती मागच्या खोलीत दुडदुडत होती. ज्या बोटांना सुई कळली नाही त्या बोटांनी पाच पिल्लांना साफ म्हटलं होतं.

ती बाजारात गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पिल्लं तपासायला बसलो.

मी कधी हे केलं नव्हतं. ती करू द्यायची नाही. पण मीही शिंपी आहे, माझी बोटं काही कामातून गेलेली नाहीत. पहिल्याची मान उचलली, चोळली. नुसती कातडी सरकली, मऊ, सैल. दुसरं, तिसरं, चौथं. माझा जीव जरा खाली बसायला लागला. मग सुभेदार. पाचातला सगळ्यात दांडगा, पट्टा असा की जणू मी पट्टी ठेवून खडूनं आखलाय. मामीच्या नाकाला चावणारा एकटा तोच.

नेफ्यात नाडी असते, ती कापडावरून चाचपली की बोटाखालून सरकते. तसं काहीतरी सरकलं.

मी सोडून दिलं. परत धरलं. तिथेच होतं. कातडी वर ओढली तर खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ताणलं गेलं. सुभेदारनं माझा अंगठा तोंडात घेतला आणि चोखायला लागला.  शिंप्याला जिकडेतिकडे दोरेच लागणार, अशी मी स्वतःची समजूत घालायला बघितली. पण समजूत पटेना. कोऱ्याला मी हात लावला नाही. तो माझी चप्पल ओढत कोपऱ्यात गेला होता.

आता काय करायचं? बोललो असतो तर सुभेदार टोपलीतून गेला असता. नियम तिचाच, आणि ती नियमाला चुकणारी नाही. न बोलावं तर हवालदारचं मरण ह्याच्या मानेत बसलेलं, आज नाही तर सहा महिन्यांनी. आणि दोन्हीकडून मला तिला सांगावं लागणार होतं की तुझी बोटं मेलीत, आता तुझ्या 'साफ'ला अर्थ नाही. मी सांगायला म्हणून तोंड उघडायचो. मग काहीतरी भलतंच विचारायचो, भाजीत मीठ आहे का वगैरे. ती म्हणायची, खाऊन बघा.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई सुभेदारला न्यायला रविवारी यायच्या होत्या. त्यांनी त्याला आधीच पसंत करून ठेवलं होतं. शनिवारी ही सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "बाईंना दुसरा एखादा देते. सुभेदार आपल्याकडेच राहू दे."

"का?"

"असंच. पट्टा चांगला आहे."

मी चरफडलो. सगळ्यात चांगला म्हणून ती जो ठेवून घेत होती, नेमका तोच सडका. आणि तिला पत्ता नाही! पण त्याच वेळी बरंही वाटलं. निदान तो दुसऱ्याच्या घरी जाऊन मरणार नव्हता. अशा भित्र्या हिशेबात मी आणखी काही दिवस काढले. रोज तो सकाळी जेवायला डोकं खाली घालायचा तेव्हा मी दारात उभा राहायचो. त्यानं खाऊन डोकं वर केलं की मग मी दुकान उघडायचो.

एका सकाळी त्यानं डोकं खाली घातलंच नाही.

भांड्याशी आला, थांबला, मान आखडून उभा राहिला. कोऱ्यानं त्याला खेळायला म्हणून मागून ढकललं आणि सुभेदार किंचाळला. लहान आवाज होता, पिल्लाचा. पण मी तो ओळखला.  मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मानेवरचे केस ओले होते, चिकट, आणि खाली लिंबाएवढी गरम गाठ.

"अहो, काय झालं?" ती धावत आली आणि त्याला उचलायला वाकली.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. "तुझ्या हातांना काय कळतंय? सुई शिरली तरी कळत नाही तुला! ह्याच्या मानेत दोरा आहे. माझ्या बोटांना लागला. तू साफ म्हणालीस, आणि मेला ना आता तो, मेला!"

 ही तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल.

"मी बोटांनी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बोटं केव्हाच गेली. थंडी पडली तेव्हापासून. मी ओठांनी बघितलं. ओठांना सगळं कळतं हो, केससुद्धा कळतो." ती खाली बसली. "तुम्हाला मुके वाटले."

"मग तुला हा..."

"पहिल्या दिवशीच लागला. मला माहीत होतं."

"आणि तू साफ म्हणालीस? तू?"

"मग काय म्हणू? दोरा म्हटलं की टोपली. मामीचं हे शेवटचं बाळंतपण. माझंही शेवटचंच समजा, ह्या हातांनी आता कुणाला तपासणार? मला नाही उचलवली टोपली." तिचा आवाज बारीक झाला. "वाटलं, लहानसा असेल. आत गेला नसेल. रोज तो जेवायला आला की मी खिडकीतून बघायची. त्यानं डोकं वर केलं की मग मला श्वास यायचा."

मी दारातून, ती खिडकीतून. एकाच भांड्याकडे बघत आम्ही दोघं रोज सकाळी मरत होतो, आणि एकमेकांना मीठ विचारत होतो. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींसाठी वेळ नव्हता. तिनं उठून खिळ्यावरची टोपली काढली. मी सुभेदारच्या आडवा आलो.

"झोपवायला नाही," ती म्हणाली. "चला लवकर."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून बघितली, ताप बघितला, मान हळूच एकीकडे वळवली. सुभेदार कण्हला, पण मान वळली. "अजून खाली उतरलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण थांबता येणार नाही. भोकातून आत रंग सोडून फोटो काढते, दोरा कुठवर जातो ते दिसेल. मणक्याच्या आत गेला असेल तर मी खात्री देऊ शकत नाही. वर संपला असेल तर आजच काढून टाकते."

त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. ते भिनेपर्यंत आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो. ही त्याच्या डोक्यावरून तळवा फिरवत होती. "हे होतं तरी कशानं?" तिनं विचारलं. "मी आयुष्यभर हे शोधत आले, पण कशानं होतं ते कुणी सांगितलं नाही."

"पोटात अगदी सुरुवातीला पाठीची कातडी आणि मणक्यातली दोरी एकाच पदरातून बनतात," डॉक्टरीण म्हणाल्या. "पदर दुमडतो, त्याची नळी होते, नळी आत जाते आणि वर कातडी मिटते. दोघी सुट्या व्हायला हव्यात. ह्यांच्यात कधी कधी एखाद्या जागी त्या सुटतच नाहीत."

"अस्तर वरच्या टाक्यात अडकल्यासारखं," मी म्हणालो. घाबरलो की मी बोलतो.

"अगदी तसंच. मग पिल्लू वाढतं तसं ते ओढलं जातं, लांबतं. त्याचाच दोरा होतो."

"पण ह्याच जातीत का?"

"पट्ट्यामुळे."

हिचा हात थांबला.

"ह्यांच्या जनुकांतला एक तुकडा चुकून दोनदा लिहिला गेलाय," डॉक्टरीण सांगत होत्या. त्यांचं लक्ष सुभेदारच्या डोळ्यांकडे होतं, तिच्याकडे नव्हतं. "पेशींनी कुठे आणि किती वाढायचं हे सांगणारी जनुकं आहेत त्यात. ती जास्तीची झाली म्हणून पाठीचे केस उलटे उगवतात. दोरा त्याच गोंधळातून येतो. आई-बापांपैकी एकाकडून तो तुकडा आला तरी पट्टा दिसतो. दोघांकडून आला तरी पट्टा तसाच दिसतो, पण दोऱ्याचा धोका खूप वाढतो. लोक ठळक पट्ट्याला ठळक पट्टा लावत राहतात, त्यामुळे असं दोन्हीकडून आलेलं पिल्लू जन्मत राहतं."

"आणि पट्टा नसलेलं?" तिनं विचारलं. इतक्या हळू विचारलं की मला वाटलं डॉक्टरीणबाईंना ऐकूच आलं नसेल.

"त्याच्यात तो तुकडाच नसतो. त्याला हे होत नाही. क्वचित कुठे झालं असेल, पण मी तरी बघितलेलं नाही." त्यांनी सुभेदारला उचललं. "झोपला. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर एक लांब बाक होता. समोरच्या भिंतीवर मांजरांच्या लसींचं चित्र होतं. एक माणूस पिंजऱ्यात पोपट घेऊन बसला होता आणि पोपट सारखा "कोण आहे?" म्हणून विचारत होता. ही टोपली मांडीवर घेऊन बसली. रिकामी टोपली, वर घडी घातलेला टॉवेल. ह्याच अवतारात ती किती वेळा घरी परत आली होती. मी भीतीनं आतल्या दाराकडे बघत होतो. आत भांडं वाजलं की मी बाकावरून अर्धवट उठायचो. तिचं मात्र दाराकडे लक्ष नव्हतं.

"वाचेल गं," मी म्हणालो. माझाच विश्वास नव्हता.

तिनं मान हलवली, पण मला वाटलं तिनं ऐकलं नाही. ती टोपलीच्या वेतावरून बोट फिरवत होती, एकाच जागी, परत परत. त्या बोटाला काही कळत नव्हतं हे आता मला माहीत होतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात एक स्टीलचं भांडं होतं. त्यात करंगळीएवढा फिकट दोर पडलेला, एका टोकाला कातडीचा गोल तुकडा, आणि दोराच्या कापलेल्या पोटातून गव्हाळ केस बाहेर आलेले.

"हाडाच्या वर संपला होता," त्या म्हणाल्या. "आत गेला नव्हता. अख्खा निघाला. आजचा दिवस इथे ठेवते, संध्याकाळी न्या. मात्र ह्याच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत कधी."

मी रडलो. पोपटवाल्यासमोर, अगदी हुंदके देऊन. पोपटानं विचारलं, कोण आहे? ही रडली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात तळव्यांत धरले, डोळ्यांना लावले आणि उठली. डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं दाबून, कळतंय का विचारून बघितलं आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही तुमच्या डॉक्टरांना हे मनगट दाखवा. नस दबतेय बहुतेक."

संध्याकाळी सुभेदार टोपलीतून घरी आला. ह्या टोपलीतून घरी परत आलेला पहिलाच. मानेला पट्टी, डोळे अर्धवट, तरी मामीचा वास आल्यावर शेपटी हलली. मी त्याला अंथरुणावर ठेवलं आणि चहा टाकायला वळलो. भीती जाऊन अंगात नुसती हवा भरल्यासारखं झालं होतं. मला काहीतरी विनोद करावासा वाटत होता.

ही खाली जमिनीवर बसली होती. कोरा तिच्या पदराशी झोंबत होता. तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. जन्मापासून ज्याला तिनं एकदाही नावानं हाक मारली नव्हती, त्याला.

"अहो, इकडे या."

मी गेलो. तिनं माझा हात धरला आणि माझा अंगठा न् तर्जनी कोऱ्याच्या मानेवर ठेवली.

"ह्याला बघा."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, ह्यांना होत नाही."

"तुम्ही बघा."

मी कातडी उचलली, चोळत चोळत खांद्यापर्यंत गेलो. सैल, मऊ कातडी. बोटांमध्ये काही आलं नाही. कोऱ्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात, तो उताणा पडून पाय झाडायला लागला.

"काही नाही," मी म्हणालो.

"नीट बघा."

"अगं, काही नाही. साफ आहे."

तिनं त्याला उचललं, गुळगुळीत मान तोंडाशी नेली आणि ओठ टेकवले. मग डोळे उघडून ती रिकाम्या टोपलीकडे बघायला लागली. मी तिच्या तोंडून तो एक शब्द ऐकायची वाट बघत होतो.

"ते गुळगुळीतही सगळे साफच होते हो," ती म्हणाली.